न ऐकलेले निरोप

शुक्रवारी दुपारी जेवून दोन तास आडवं पडावं, यापलीकडे अरविंदला आता आयुष्याकडून फारसं काही नको होतं. आठवड्याचे पाच दिवस प्लँटमध्ये वहाबला शिकवण्यात जात होते. हा हसतमुख सौदी पोरगा चार महिन्यांनी अरविंदच्या खुर्चीत बसणार होता, आणि त्याला तिथे नीट बसवून द्यायचं कामही अरविंदकडेच आलं होतं. "आपलंच तेरावं आपणच घालायचं," असं तो बायकोला, शर्मिलाला, एकदा म्हणाला होता. तिने त्याला असलं अभद्र बोलू नका म्हणून सुनावलं होतं. पण ते खोटं आहे असं काही ती म्हणाली नव्हती.

या शुक्रवारी झोपेचं लक्षण दिसत नव्हतं. धाकटा भाऊ रोशन पहाटे रियाधहून निघून जुबैलला येऊन थडकला होता. सोबत बायको ममता, तिथल्या बत्ह्याच्या बाजारातून आणलेलं कोकम, अळूची पानं, बर्फातले बोंबील, आणि एक अर्ज. तो अर्ज त्याने जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला होता. पानं वाढून होईपर्यंत सगळे त्याच्याकडे अधूनमधून बघत होते आणि विषय कोणीच काढत नव्हतं.

शेवटी रोशननेच काढला.

"सही कर आणि मोकळी हो," तो पुतणीला, नूपुरला, म्हणाला. "रविवारी सकाळी मी एचआरला देतो. आमच्याच ऑफिसात बसायचं, कंटेनरच्या नोंदी कॉम्प्युटरवर घालायच्या. राहायला आमचं घर आहे, काकूच्या हातचं जेवण आहे. इथे राहायचा इकामा बाबाच्या नावावरून कंपनीच्या नावावर. खलास."

"काका, माझी इंटर्नशिप चालू आहे," नूपुर म्हणाली. एकवीस वर्षांची पोर, पण हे वाक्य तिने गेल्या महिन्याभरात इतक्यांदा म्हटलं होतं की तिच्याही आवाजात दमणूक उतरली होती.

"ती इंटरनेटवर जाहिराती करायची?"

"डिजिटल मार्केटिंग."

"तेच ते. पगार?"

"नाहीये. संपल्यावर बघणार आहेत, ठेवायचं का."

"ऑफिस कुठे?"

"पुण्यात. पण ऑनलाइन."

"आणि ती तुझी मॅडम, किशोरी की कोण, तिला समोर कधी पाहिलंस?"

"स्क्रीनवर रोज पाहते."

रोशनने बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "म्हणजे न पाहिलेल्या ऑफिसात, न पाहिलेल्या बाईसाठी, बिनपगारी राबायचं. दादा, आपल्या अण्णांनी तरी इथे आणणारा कफील डोळ्यांनी पाहिला होता रे!"

अरविंदला हसू आलं आणि ते त्याने आमटीत दडवलं. अण्णा, म्हणजे त्या दोघांचे वडील केरू फिटर, या घराण्यातले सौदीला आलेले पहिले. इथल्याच कामगारांच्या कॅम्पात एका खोलीत आठ जण राहून त्यांनी पाइप जोडत अठरा वर्षं काढली. त्यांच्या मागून इंजिनिअर होऊन अरविंद आला, मग रोशन. आता नोकरी संपून अरविंद भारतात परत जाणार, आणि नूपुर राहिली तरच घराण्याचा पाय इथे राहणार. रोशनचा अर्ज हा त्या पायासाठी होता, हे अरविंद ओळखून होता.

"ती शिकतेय, भाऊजी," शर्मिला म्हणाली. "मी इथे आले तेव्हा बीएडचं सर्टिफिकेट बॅगेत घेऊन आले होते. तेवीस वर्षं झाली, अजून बॅगेतच आहे. हिला घरात बसून काही हाताला लागत असेल तर लागू दे."

"वहिनी, तेच तर म्हणतोय. हाताला लागणारं काम देतोय मी. हिच्या इंटर्नशिपनं काय हाताला लागलं, एक गोष्ट सांगा."

"माझ्या पुरणपोळ्या," ममता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ममता शांतपणे भात कालवत होती.

"होळीला हिनं मला पान काढून दिलं मोबाइलवर. पोळी तव्यावर फुगतानाचा व्हिडिओ टाकला. कुणाला दाखवायचा, किती वाजता दाखवायचा, सगळं हिनंच केलं. रियाधमधल्या मराठी बायका आधी दोन मागायच्या, त्या होळीला माझा हात दुखेपर्यंत मागत होत्या. तुम्हाला वाटलं, मी शेजारणींना फुकट वाटतेय."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" रोशनने विचारलं.

"मी पोळ्यांच्या बाजूनं."

शर्मिला तोंडाला पदर लावून हसली. रोशन हिरमुसला, आणि मग त्याने मोठ्या भावाकडे पाहिलं. लहानपणी पतंग कटला की तो असाच बघायचा. "दादा, तू तरी बोल. मुलगी तुझी आहे."

अरविंदला बोलायचं नव्हतं. बोललं की कोणीतरी दुखावणार, आणि दुखावलेल्यांची समजूत काढायला अंगात आता त्राण नव्हतं. पण खरं सांगायचं तर तो मनातून रोशनच्याच बाजूचा होता. वहाबला त्याने आठ महिने नुसतं पाठीमागे उभं केलं होतं, मग एकेका व्हॉल्व्हला हात लावू दिला होता. काम असंच येतं, अशी त्याची धारणा होती. गरम काय, गार काय, हे हाताला कळावं लागतं. खोलीचं दार लावून, हेडफोन घालून, अडीच तास पुढे असलेल्या घड्याळावर कोणी काम शिकतं हे त्याच्या बुद्धीला पटत नव्हतं.

"सगळं शिकून घ्यावं," तो म्हणाला. "पण कुठेतरी टेकावंही लागतं, बाळा. चार महिन्यांनी मी इथे नसणार."

"म्हणजे सही कर म्हणताय."

"मी विचार कर म्हणतोय."

"सेम थिंग, बाबा," नूपुर म्हणाली आणि घड्याळाकडे बघून उठली. "दीड वाजतोय. माझा रिव्ह्यू आहे."

"शुक्रवारी?" रोशन म्हणाला.

"पुण्यात शुक्रवारी ऑफिस असतं, काका."

खोलीचं दार लागलं. ममताने ताटं उचलली. शर्मिलाने खरवस कापला, दुधाची पावडर घालून केलेला, नावापुरताच खरवस. रोशन अर्जाशी चाळा करत बसला होता. मग हळूच म्हणाला, "दादा, तू गेलास की मी शुक्रवारी जायचं कुणाकडे?"

हे तो चेष्टेत म्हणाला नव्हता. अरविंदने खरवसाची वडी भावापुढे सरकवली.

पाऊण तासाने नूपुर बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. लॅपटॉप तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"काय झालं गं?" शर्मिलाने विचारलं.

"माझी जाहिरात सहा दिवस चालली. एकही चौकशी आली नाही. सगळ्या इंटर्नमध्ये माझीच झीरो." ती खुर्चीत बसली. "मॅडमनी सेटिंग उघडून दाखव म्हटलं. सगळ्यांसमोर."

"मग?"

"मी जुन्या जाहिरातीची कॉपी करून नवी केली होती. कॉपी करताना, जाहिरात कुठे दाखवायची ती जागा परत भरायची असते. मी भरली नाही. त्यामुळे जाहिरात रत्नागिरी जिल्ह्यात लागलीच नाही. मी जिथे आहे तिथे लागली. इथे, सौदीत. सहा दिवस."

जाहिरात कसली, हे घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण महिनाभर ती त्यावरच बोलत होती. चिपळूणला दोघा भावंडांनी सेवा सुरू केली होती. ज्यांची मुलं लांब आहेत अशा म्हाताऱ्या माणसांना घरून दवाखान्यात न्यायचं, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचं, औषधं घेऊन घरी परत सोडायचं. त्यांची जाहिरात मराठीतून करायची हे नूपुरचं काम. चौकशीचे मेसेज कंपनीने दिलेल्या व्हॉट्सॲप नंबरावर, तिच्याच लॅपटॉपवर यायचे, ते नीट लिहून काढून पुढे पाठवणं हेही तिचंच.

"म्हणजे चिपळूणच्या सेवेची जाहिरात जुबैलला!" रोशनला हसू आवरेना. "चांगलं शिकवतात हो. वहिनी, ऐकलंत?"

"हसू नका," ममता म्हणाली.

"आता काढून टाकतील मला," नूपुर म्हणाली. "सोमवारी ठरवणार आहेत. द्या काका तो अर्ज."

तिने हात पुढे केला. रोशनचं हसू थांबलं. अर्ज त्याच्या हातात होता, आणि तो त्याने लगेच दिला नाही. असा मिळालेला विजय त्यालाही बरा वाटला नसावा.

अरविंदला खरं म्हणजे आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण प्लँटमधल्या तीस वर्षांची सवय वाईट असते. कुठे काही बिघडलं म्हटलं की त्याला पहिल्यापासून सगळं बघितल्याशिवाय राहवत नसे. "थांब," तो म्हणाला. "सहा दिवस जाहिरात इथे चालली. इथल्या लोकांनी बघितली. मग एकानेही मेसेज कसा केला नाही?"

"केले ना. पण ते तसले."

"तसले म्हणजे?"

"इथल्या नंबरांवरून. व्हॉइस मेसेज. अनोळखी माणसांचे." तिने लॅपटॉप उघडून त्याच्याकडे वळवला. "मी म्यूट केलेत. तुमचाच रूल आहे, बाबा."

अरविंदने बघितलं. खाली खाली सरकणारी यादी. प्रत्येक नंबर नऊशे सहासष्टने सुरू होणारा, प्रत्येकापुढे न उघडलेल्या आवाजाची खूण. एक्केचाळीस.

रूल त्याचाच होता. दोन वर्षांपूर्वी नूपुरचा नंबर कुठून तरी बाहेर गेला आणि कुठल्यातरी कॅम्पातून एक जण तिला सारखे निरोप पाठवू लागला, तेव्हा अरविंदने सिम बदललं होतं आणि घरात फर्मान काढलं होतं. कॅम्पातली पोरं बाईचं नाव दिसलं की बोलत सुटतात, इथल्या अनोळखी नंबरचा आवाज उघडायचा नाही. नूपुरने तो नियम इतका मनापासून पाळला होता की कामाच्या नंबरलाही लावला होता.

"एक लाव," तो म्हणाला.

"बाबा, नको ना."

"सगळे आहोत इथे. लाव."

तिने सगळ्यात वरचा लावला. खरखर, मागे कुठलंतरी मशीन, आणि मग एक दबकता आवाज. "ताई, तुमची जाहिरात वाचली. माझे वडील खेडला असतात, त्यांचं डायलिसिस हाय. आठवड्यातनं दोनदा न्हेयाचं. माणूस भेटंल काय?"

दुसरा यांबूहून. बायकोच्या सातव्या महिन्याच्या तपासणीचं विचारत होता. तिसरा ताइफहून, हॉटेलात आचारी होता, त्याला फक्त एवढंच हवं होतं की आईला डॉक्टर काय म्हणाले ते कोणीतरी त्याला खरं सांगावं, ती फोनवर खोटं सांगते. चौथ्याने आधी माफी मागितली, लिहायला येत नाही म्हणून बोलतो म्हणाला.

ममता हातात ओलं फडकं घेऊन तशीच उभी राहिली.

"ह्याचे तीन आहेत," नूपुर बारीक आवाजात म्हणाली. "चंदन नाव आहे. हाइलचा."

पहिला निरोप रविवारचा होता. "ताई, नमस्कार. मी चंदन. हाइलला गव्हाच्या शेतावर ट्रॅक्टर दुरुस्तीला हाय. आमचं गाव गुहागरकडं. आयशीचा उजवा डोला लाल झालाय, डोसकं धरून बसलीय, उलटी पन झाली. घरात दुसरं कोन नाय. आजच्या आज कोन जाईल काय?"

अरविंदने टेबलाची कड धरली.

दुसरा मंगळवारचा. "ताई, ऐकलंत काय? आयशीला दिव्याभवती रंग दिसतात म्हनते. तुमचं काय असंल ते मी देतो. फकस्त माणूस पाठवा."

तिसरा कालचा. हा आवाज दमलेला होता, रागावलेला नव्हता. "ताई, आता घाई नाय. शेजारचा बुधवारी घेऊन गेला चिपळूनला. उशीर झाला म्हनाले. उजवा डोला गेला. डावा सांभालायला दर महिन्याला दाखवायला न्हेयाचं हाय. त्याला तरी माणूस भेटंल काय, तेवढं सांगा."

नूपुरने लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. "बाबा," ती म्हणाली. शर्मिलाने खुर्ची सरकवून तिला जवळ घेतलं.

रोशन भावाकडे बघत होता. त्यांच्या आईचा, तुळसाबाईचा, उजवा डोळा पांढरा होता, आणि रोशनने तो जन्मभर पांढराच पाहिला होता. तो कसा गेला हे घरात कधी कोणी बोललं नव्हतं. देवी आल्या होत्या असं काहीतरी तो समजून होता.

"असाच गेला आईचा," अरविंद म्हणाला. "लाल झाला, डोकं धरून बसली, दिव्याभोवती रंग दिसतात म्हणायची. तू चार वर्षांचा होतास. मी बारा. मला म्हणाली, अण्णांना पत्र लिही. मी लिहिलं. ते इथे पोहोचायला महिना गेला. अण्णांनी ते कुणाकुणाला दाखवलं असेल या गावात, कोणी माझ्या घरी जाईल का म्हणून. कॅम्पातल्या माणसाचं कोण ऐकतंय? ते सुट्टीवर आले तेव्हा आठ महिने झाले होते."

"तू कधी सांगितलं नाहीस, दादा."

"काय सांगू? बारा वर्षांचा घोडा होतो. एसटीत बसवून न्यायला येत होतं मला. ती नको म्हणाली आणि मी ऐकलं." त्याला स्वतःचा संताप आला, आणि संतापायचाही कंटाळा आला. "आणि आता मीच घरात नियम करून ठेवला, की अण्णांसारख्यांचा आवाज आला तर कान बंद करा. हिने जागा चुकवली ती चूक लहान आहे. मोठी माझी आहे."

"जागा चुकली नसती तर हे आलेच नसते," ममता म्हणाली. "रत्नागिरीत म्हाताऱ्यांना दाखवून काय उपयोग? नेणारा पाठवा म्हणून विचारणारी मुलं तर इथेच आहेत सगळी."

नूपुरने मान वर केली. डोळे पुसता पुसता ती ममताकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं, हे अरविंदला दिसलं. वहाबचा चेहरा असा पहिल्यांदा झाला तो चुकीचा दाब दाखवणाऱ्या एका काट्यापुढे, स्वतः गोंधळ घालून ठेवल्यावर. आठ महिने पाठीमागे उभा राहून झाला नव्हता. परीक्षेत चुकलं की मार्क जातात, तेवढ्यावर भागतं. इथे पोरीच्या चुकीपलीकडे एक माणूस बसला होता, हाइलला, उत्तराची वाट बघत. कुठल्या कोर्सने तिला हे दाखवलं असतं? अरविंदला ते मान्य करावं लागलं, आणि मान्य करताना बरं वाटलं असंही नाही.

"मॅडमना आत्ता सांग," तो म्हणाला. "सगळं. मेसेज आले होते आणि मी ऐकले नाहीत, हेसुद्धा. प्लँटमध्ये आम्ही पहिलं हेच शिकवतो. चूक झाली की आधी सांगायचं, मग घाबरायचं."

"काढतील मला."

"काढू देत."

तिने लिहिलं. मराठीत लिहिलं, इंग्रजीत लिहून खोडलं आणि पुन्हा मराठीत. दहा मिनिटांनी किशोरीचं उत्तर आलं, ते तिने मोठ्याने वाचलं. "वाईट झालं. तुला ठेवायचं की नाही ते सोमवारीच ठरेल, आज काही सांगत नाही. पण एक्केचाळीस माणसं थांबली आहेत. चिपळूणला मी फोन करते. तू आजच्या आज प्रत्येकाला स्वतःच्या आवाजात उत्तर दे. हाइलच्या माणसाला सगळ्यात आधी."

नूपुर रेकॉर्डचं बटण दाबून तीनदा थांबली. इंग्लिश मीडियमच्या पोरीचं मराठी अशा वेळी अडखळत होतं. आईकडे बघितलं, काकाकडे बघितलं. कोणी शब्द पुरवले नाहीत.

"चंदनदादा, मी नूपुर," ती म्हणाली. "तुमचे मेसेज रविवारपासून माझ्याकडे आहेत. मी ते ऐकले नाहीत. मी घाबरून बंद करून ठेवले होते. चूक माझी आहे. आईंच्या डाव्या डोळ्यासाठी दर महिन्याला माणूस जाईल. तो गेला की नाही, मी स्वतः बघेन."

गेला निरोप. निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग बराच वेळ काहीच नाही. रोशन उठून खिडकीपाशी गेला आणि परत येऊन बसला. शर्मिला खरवसाचं ताट झाकत होती, झाकलेलं पुन्हा झाकत होती. शिव्या आल्या तर त्या पोरीला ऐकू द्यायच्या, असं अरविंदने मनाशी ठरवलं. तेवढं तिला सोसायलाच हवं होतं, आणि त्यालाही.

निरोप आला. नूपुरने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"बरं ताई," चंदन म्हणाला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता. "पयल्या मंगलवारी न्हेयाचं हाय. आयशीला ऐकायला बी कमी येतं, जोरात हाक मारायची. घर सांगतो, लिहून घ्या."

नूपुरने कागद शोधायला हात फिरवला. वही आतल्या खोलीत होती, आणि चंदन सांगत सुटला होता, वाडी, देऊळ, देवळामागची पायवाट. रोशनने हातातला अर्ज उलटा केला, कोरी बाजू वर करून तिच्यापुढे ठेवला आणि खिशातलं पेन काढून दिलं.

"अहो, तो अर्ज," शर्मिला म्हणाली.

"लिहू दे, वहिनी," रोशन म्हणाला. "काय गं, वाडी कुठली म्हणाला तो? परत लाव."